गोळ्यांची बरणी

मी आता बरी आहे. हे आधीच सांगून टाकते. कोणी आजारपणाची हकिगत सांगायला लागलं की माझं पहिल्यापासून एकच असतं, माणूस वाचलं का ते आधी बोला, बाकीचं मग सावकाश. तर वाचले. दोन्ही किडन्या चालू आहेत, सकाळी साडेपाचला उठते आणि चाळीस डबे बाराच्या आत घराबाहेर पडतात.

रत्नागिरीत मी जेवणाचे डबे पुरवते. गिऱ्हाइकं म्हणजे बँकांत आणि कचेऱ्यांत बदलीवर आलेली माणसं. बुधवार, शुक्रवार, रविवार मासळी, बाकीचे दिवस शाकाहारी. एकवीस वर्षं झाली. मदतीला सुगंधा आहे, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आणि माझ्याइतकीच तोंडाळ. यजमान एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. मुलगी मुग्धा पुण्याला नोकरी करते.

लिहायला बसले आहे ते एका चुकीबद्दल. ती माझ्या एकटीची असती तर गप्प बसले असते. पण तुमच्याही घरात ती असेल. फ्रिजच्या डोक्यावर, नाहीतर कपाटाच्या खालच्या खणात.

बरणी

आमच्या फडताळात लोणच्याची एक रिकामी बरणी होती. तिच्यात उरलेल्या गोळ्या. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या दिल्या की मी दोन दिवस घ्यायची. बरं वाटलं की उरलेल्या बरणीत. चांगलं औषध टाकायचं कशाला? पट्ट्या कात्रीने कापलेल्या, त्यामुळे निम्म्यांवर नाव धड नसायचं. मला रंगावरून कळायचं. पिवळी लांबट घशाला. पांढरी मोठी जुलाबाला. लाल-काळी कॅप्सूल दाढेला.

घरात कोणी शिंकलं की बरणी निघायची. यजमानांना दोन, सुगंधाला दोन, वरच्या मजल्यावरच्या काकूंना दोन. मुंबईचे दीर गणपतीला आले की परत जाताना विचारायचे, "वैनी, बरणीतलं काय देताय का प्रवासाला?" काकू तर म्हणायच्या, तुझ्या हाताला गुण आहे गो. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

गुण हाताला नव्हता. साधी सर्दी आणि घसा बहुतेक वेळा चार-सहा दिवसांत आपोआप बरा होतो. आणि हे मला माहीत नव्हतं असंही नाही. भाई डॉक्टरांनी सांगितलं होतं.

एकदा नाही म्हटलं होतं

भाई डॉक्टर आमचे घरचे डॉक्टर. आमच्या आळीच्या टोकाला त्यांचा दवाखाना, बाहेर दोन बाकं, आत एक टेबल. मुग्धाचा पहिला ताप त्यांनीच उतरवला.

सात-आठ वर्षांपूर्वी माझा घसा धरला, अंगात ताप. भाईंनी बॅटरी मारून घसा बघितला आणि म्हणाले, "वैनी, हे व्हायरल आहे. तापाची गोळी देतो, गुळण्या करा, दोन दिवस पडून राहा. अँटिबायोटिकची गरज नाही."

"पडून राहा? मग चाळीस डबे तुम्ही करणार?"

"लिहून द्यायला मला अर्धा मिनिट लागतं. पण त्याचा या घशाला उपयोग नाही."

मी उठले ती तडक बाजारातल्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी काही न विचारता एक इंजेक्शन टोचलं आणि पिवळ्या गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी मी ठणठणीत. घसा तसाही चौथ्या दिवशी बराच झाला असता, पण तेव्हा तसा विचार कोण करतंय? मी मुद्दाम भाईंच्या दवाखान्यात गेले आणि बाकांवर बसलेल्या सगळ्यांसमोर म्हटलं, "बघा, तिकडे कडक औषध दिलं तर उठले की नाही?"

भाई नुसते हसले. त्यानंतर त्यांनी मला कधी अडवलं नाही. मागितली की गोळी लिहायचे. मला वाटलं, डॉक्टर सुधारले.

शुक्रवार ते सोमवार

गेल्या वर्षी जानेवारीत लघवीला जळजळ सुरू झाली. बायका हे कोणाला सांगत नाहीत, मीही सांगितलं नाही. बरणीतल्या दोन गोळ्या घेतल्या, थांबलं. पंधरा दिवसांनी परत. परत दोन. फेब्रुवारीत तिसऱ्यांदा झालं तेव्हा बरोबर कंबर भरून आली आणि हुडहुडी. मग मात्र भाईंकडे गेले.

ते म्हणाले, "लघवी तपासायला द्या. कल्चरही करू. कुठला जंतू आहे ते बघून औषध देतो."

"आज शुक्रवार आहे. सुरमई ओट्यावर पडल्ये. मला बाटल्या भरत बसायला वेळ नाही. तुम्ही गोळी लिहा, बाटली उद्या देते."

"वैनी, आधी बाटली."

"उद्या म्हटलं ना."

त्यांनी लिहून दिली. उद्या मी बाटली दिली नाही, हे तुम्ही ओळखलं असेलच.

शनिवारी ताप, रविवारी ताप. सोमवारी सकाळी विळीवर नारळ खवत होते. अशी थंडी भरली की हातातली कवड विळीच्या पात्यावर वाजायला लागली. सुगंधा ओरडली, "वैनी, आधी विळीवरनं उठा!" तिने मागून काखेत हात घालून मला ओढलं. पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. रिक्षा. यजमानांच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला. आणि मी सुगंधाला सांगत्ये, आमटीला फोडणी द्यायची राहिल्ये.

दवाखान्यातले दिवस

मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा रक्तदाब खाली गेला होता. एका हाताला सलाईन, दुसऱ्या हातातून रक्त काढलेलं, लघवीला नळी. तिथली डॉक्टर तिशीतली मुलगी होती, केस घट्ट बांधलेले, बोलणं मोजकं. ती म्हणाली, "लघवीतला जंतू किडनीपर्यंत गेलाय. बहुतेक रक्तातही उतरलाय. नमुने कल्चरला पाठवलेत. रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात. तोपर्यंत अंदाजाने औषध देतोय."

अंदाजाने. हा शब्द मला लागला. एकवीस वर्षं मी दुसरं काय करत होते?

दवाखान्याचा दिवस ताप मोजण्याने सुरू होतो. सहाला थर्मामीटर, मग रक्त, मग चादर, मग पाणचट चहा. दहाला डॉक्टर. बारा ते चार भेटायला बंदी. त्या चार तासांत पंखा फिरताना बघायचा आणि मोजायचं, इंजेक्शन होऊन किती वेळ झाला, अजून घाम का येत नाही.

दोन दिवस झाले, ताप उतरेना. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरणीने रक्ताचा रिपोर्ट दोनदा वाचला. म्हणाली, किडनीवर ताण दिसतोय.

मी विचारलं, "मरेन का?"

"तिकडे जाऊ नये म्हणूनच औषध बदलायचं चाललंय. कल्चरचा रिपोर्ट दुपारी येईल."

खोटा धीर दिला नाही, म्हणून ती मला आवडली.

कागद

दुपारी ती कागद घेऊन आली. एका खाली एक औषधांची नावं आणि प्रत्येकासमोर एक इंग्रजी अक्षर. आर म्हणजे या औषधाला जंतू दाद देत नाही. एस म्हणजे देतो.

वरपासून खालपर्यंत आर. आर. आर. आणि ती नावं मी ओळखत होते. निम्मी बरणीतली होती. घशाची पिवळी तिथे होती, जुलाबाची पांढरी तिथे होती. शुक्रवारी भाईंकडून हट्टाने लिहून घेतलेलीही होती. तळाशी चार एस, चारही इंजेक्शनं, तोंडाने घ्यायचं एकही नाही.

"हे माझ्यामुळे झालं?" मी विचारलं.

"तुमच्याच गोळ्यांमुळे, असं मी शपथेवर नाही सांगू शकत. असे जंतू एका माणसाकडून दुसऱ्याकडेही जातात. पण दर वेळी विनाकारण गोळी घेतली की पोटातले साधे जंतू मरतात, दांडगे उरतात आणि वाढतात. किती वेळा घेतल्या असतील?"

मी आकडा सांगितला नाही. मला माहीत नव्हता.

शेजारच्या खाटेवर वेळणेश्वराकडची एक म्हातारी होती. घरचा धंदा मासेमारीचा, मधुमेहाने पायाची जखम चिघळलेली. तिचं सगळं लक्ष आमच्याकडे. डॉक्टरीण गेल्यावर म्हणाली, "काय गो बाय, कागदात काय निघाला?"

"माझ्या जंतूंना औषधं लागू पडत नाहीत, आजी."

"अगो, मग ते बोयीवानी झाले. बोय मासा बघितलायस? एकदा जाळ्यातनं सुटली की दुसऱ्या टायमाला जाळ्यावरनं उडी मारून जाते. आमचा म्हातारा शिव्या घालायचा तिला." मग जरा थांबून म्हणाली, "तूच शिकवलंस काय त्यांना?"

मी कागद उलटा करून पांघरुणावर ठेवला.

भीतीचं बोलायचं तर, देव आठवला वगैरे काही झालं नाही. कपाटाची किल्ली कुठे आहे ते मुग्धाला सांगायला हवं, एवढं आठवलं. पण दुसरं एक मनात आलं आणि ते जाईना. त्याच गोळ्या मी सुगंधाला दिल्या होत्या. काकूंना, दिरांना, आणि सगळ्यांत जास्त यजमानांना. उद्या त्यांच्यापैकी कोणी असं पडलं आणि त्यांच्या कागदावर तळाला चारसुद्धा एस नसले तर?

दाराबाहेर

मुग्धा पहिल्याच संध्याकाळी पुण्याहून आली होती. कागद बघितल्यावर ती बाहेर गेली आणि तिने भाई डॉक्टरांना फोन लावला. दार अर्धवट उघडं होतं.

"टेस्ट न करता गोळ्या दिल्यातच कशा तुम्ही? डॉक्टर कोण, तुम्ही की आई?"

पलीकडून काय बोलले ते कळलं नाही. फोन ठेवल्यावर यजमानांचा आवाज आला, "त्यांच्यावर कशाला ओरडतेस? तू तुझ्या आईला एकदा नाही म्हणून दाखव."

"तुम्ही तरी म्हणायचंत, बाबा. ती बरणी फेकून द्यायचीत."

"मी? मला या घरात अजून जिवंत राहायचंय."

हसण्यासारखं होतं, पण दोघंही हसली नाहीत. दिवसभर एकमेकांशी बोलली नाहीत. दुसऱ्या दिवशी बघितलं तर खिडकीपाशी उभी राहून एकाच पेल्यातला चहा दोघांत वाटून घेत होती. मी डोळे मिटून घेतले, उगाच मध्ये पडायला नको.

नवीन इंजेक्शन सुरू झालं आणि दाखल झाल्याच्या पाचव्या दिवशी दुपारी मला घाम फुटला. उशी, चादर, गाऊन सगळं चिंब. सिस्टर आली आणि म्हणाली, "भिजलात? झकास." तेवढा गोड शब्द मी आयुष्यात ऐकला नाही. संध्याकाळी सुगंधाने पेज आणली, मीठ आणि लिंबाच्या लोणच्याचा खार घातलेली. तोंडाला चव होती.

"डबे बंद पडले ना?" मी विचारलं.

"कशाला पडतायत? वरच्या काकू येतात चपात्या लाटायला. दोन दिवस नुसता वरण-भात दिला, मग मासळी सुरू केली."

"कोणी काही बोललं?"

"बँकेतले साहेब बोलले ना. कालवणाची चव बदलली का म्हणाले." ती पेजेचं भांडं पुसत म्हणाली, "चांगली झाल्ये म्हणाले."

एकवीस वर्षं ज्या डब्यांसाठी मी एकही दिवस आडवी झाले नाही, ते माझ्याशिवाय मजेत चालले होते. राग यायला हवा होता. त्याऐवजी हायसं वाटलं. बाराव्या दिवशी घरी आले.

भाई काय म्हणाले

चालता यायला लागल्यावर बरणी पिशवीत घातली आणि भाईंकडे गेले. दुपारची वेळ, दवाखाना रिकामा होता. मी बरणी टेबलावर ठेवली. त्यांनी झाकण उघडून आत बघितलं.

"यातल्या निम्म्या मीच लिहिलेल्या आहेत," ते म्हणाले.

"मी लिहायला लावलेल्या आहेत."

"तरी पेन माझंच ना. मुग्धा ओरडली ते बरोबर आहे. त्या शुक्रवारी बाटली घेतल्याशिवाय तुम्हाला बाहेर सोडायला नको होतं." मग चष्मा काढून म्हणाले, "वैनी, एक सांगू? तुम्हाला मी एकदा नाही म्हटलं होतं. तुम्ही बाजारात गेलात आणि परत येऊन सगळ्यांसमोर मला सुनावलंत. त्या दिवशी बाकावर सहा पेशंट होते. पुढच्या आठवड्यात त्यातले चार तिकडे गेले. तेव्हापासून मी तुम्हाला नाही म्हणायचं सोडलं. मग हळूहळू सगळ्यांनाच."

मी बरणीचं झाकण परत घट्ट लावलं.

"आता नाही म्हणा," मी म्हटलं.

"आणि माणसं गेली तर?"

"मी बसत्ये ना बाकावर. तेव्हा मोठ्याने बोलले होते, आताही मोठ्याने बोलेन."

त्यांनी एक उपाय सांगितला. कितीतरी दिवस त्यांच्या मनात होता. साधा घसा, सर्दी, ताप असेल आणि माणूस ऐकतच नसेल, तर चिठ्ठी लिहून द्यायची, पण तीन दिवस पुढची तारीख घालून. त्या तारखेपर्यंत उतार पडला नाही तर आधी येऊन दाखवायचं, मग औषध घ्यायचं. मध्येच धाप लागली, गिळता येईना, कसं तरी वाटलं, तर तारखेची वाट न बघता यायचं. बरं वाटलं तर चिठ्ठी आणून परत द्यायची. केमिस्टलाही तसं सांगून ठेवायचं.

बरणी त्यांनी ठेवून घेतली. गटारात ओतू नका म्हणाले, दवाखान्याच्या औषधी कचऱ्याबरोबर पाठवतो.

मी माझ्या परीने लागले. तोंड आहेच. डबा न्यायला आलेला कोणी नाक ओढत "दोन गोळ्या आहेत का?" म्हणाला की माझा कागद दाखवते. त्याची झेरॉक्स फडताळात ठेवली आहे, बरणीच्या जागी.

एक मात्र स्पष्ट लिहिते, नाहीतर कोणी भलतंच करून बसेल. मला वाचवलं ते अँटिबायोटिकनेच. डॉक्टरांनी तपासून, कारण सांगून दिलं असेल तर सांगितलं तसं आणि सांगितलं तेवढं घ्या. उरवू नका, वाटू नका, आणि मागू नका.

तारीख

परीक्षा माझीच व्हायची होती. यंदा चतुर्थीला दोन दिवस असताना घसा धरला आणि ताप चढला. ज्यांच्याकडे गणपतीला मुंबईहून माणसं येतात त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. दीर, जाऊ, पोरं धरून अकरा जण गाडीत बसलेले. एकवीस उकडीचे मोदक नैवेद्याला आणि शंभर पानाला.

भाईंनी घसा बघितला, छाती तपासली, आणि मागच्या वर्षीचं लक्षात ठेवून लघवीही तपासून घेतली. या वेळी बाटली मी आधी दिली.

"व्हायरल आहे," ते म्हणाले. "तापाची गोळी, गुळण्या, आराम."

"भाई, परवा गणपती आहे."

"माहीत आहे. माझ्याकडेही आहे."

"एवढ्या वेळी द्या."

तोंडातून गेलंच. सगळं होऊन, सगळ्यांना कागद दाखवून, गेलंच. भाईंनी माझ्याकडे बघितलं. मग चिठ्ठी ओढली, औषध लिहिलं, वर तीन दिवस पुढची तारीख घातली, घडी केली आणि हातात दिली.

"नाही म्हणतोय," ते म्हणाले. "बाजारात जायचं असेल तर तो रस्ता."

मी बाहेर आले. उजवीकडे बाजार, डावीकडे घर. घरी गेले. भयंकर रागात.

मोदक जावेने आणि सुगंधाने केले. मी तोंडाला रुमाल बांधून ओटीवर खुर्ची टाकून बसले आणि तिथून सूचना देत होते, त्या कोणीही ऐकल्या नाहीत. मोदकांची नाकं वाकडी झाली, काहींना तर नाकच नव्हतं. एकही उरला नाही. ताप आदल्या दिवशी संध्याकाळीच गेला होता.

गौरी-गणपतींचं विसर्जन झाल्यावर चिठ्ठी द्यायला गेले. भाईंनी ती टेबलावरच्या तारेत खोचली. तिथे आधीच पाच-सहा परत आलेल्या चिठ्ठ्या होत्या. सगळ्यात वरच्या चिठ्ठीवर आमच्या यजमानांचं नाव. मला पत्ता नाही.

"राग आला होता ना?" भाईंनी विचारलं.

"आला होता. उतरला तापाबरोबर."

बाहेर बाकावर पाच जण बसले होते. मी मोठ्याने म्हटलं, "गोळी मिळाली नाही, तरी बरी झाले," आणि डब्यांची वेळ झाली म्हणून घरी आले.